बंदूक कुणी केली?



स्मृतिव्याख्यानात कठीण विषय सोप्या भाषेत मांडावा, ही या मालेची परंपरा आहे. आजचा विषय कठीण आहे आणि थोडा अवघडल्यासारखं वाटावं असाही आहे. घराच्या मागच्या खोलीत, शेतातल्या झोपडीत, पत्र्याच्या शेडमध्ये तयार होणारी शस्त्रं आणि त्यांच्याबद्दलचा आपला कायदा, यावर मी बोलणार आहे.

वर्तमानपत्रात आपण सगळ्यांनीच ती बातमी वाचलेली असते. ‘गावठी कट्ट्यासह तरुण ताब्यात, दोन जिवंत काडतुसं जप्त.’ बातमी चार ओळींची असते. कट्टा कुणाकडे सापडला ते तिच्यात असतं. कुठे सापडला, कुठल्या पथकाने पकडला, तेही असतं. पण तो कट्टा केला कुणी? हा प्रश्न बातमीत क्वचित असतो, आणि आपल्या मनात तर त्याहूनही क्वचित येतो.

आजचं माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे. बंदूक कुणी केली? ज्या समाजाला प्रत्येक बंदुकीच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर देता येतं, तो समाज सुरक्षित असतो. उत्तर देता आलं नाही, तर शिक्षा कितीही वाढवा, धाक बसत नाही. हे मी चार टप्प्यांत मांडतो. कायदा काय म्हणतो? तो आला कुठून? घडवणारे हात कुणाचे आहेत? आणि उद्या काय येऊ घातलं आहे? शेवटी, आपण करायचं काय, तेही सांगतो.

कायदा काय म्हणतो?

आपला मूळ शस्त्र कायदा १९५९चा. तो १ ऑक्टोबर १९६२पासून अमलात आला. त्याचं कलम ३ सगळ्यांना ऐकून माहीत असतं: बंदूक बाळगायची तर परवाना हवा. कलम ५ मात्र फारसं कुणी वाचत नाही. शस्त्र तयार करणं, मिळवणं, विकणं, दुसऱ्याच्या हाती देणं, त्यात बदल करणं, त्याची दुरुस्ती करणं, त्याची चाचणी घेणं, या प्रत्येक कामाला परवाना लागतो, असं हे कलम सांगतं. ‘घरी करतो, स्वतःपुरतं करतो, विकणार नाही’ अशी सवलत त्यात नाही. छंद म्हणून केलं तरी ती निर्मितीच. चालते का ते बघण्यासाठी एकच केली, तरीही ती निर्मितीच.

त्यापुढचं कलम ६ म्हणतं, परवान्याशिवाय बंदुकीची नळी कापून आखूड करायची नाही आणि नकली बंदुकीची खरी करायची नाही. नळीचं एवढं महत्त्व कशाला? नळी आखूड झाली की बंदूक कपड्यांत लपते. शिकारीचं किंवा राखणीचं हत्यार मग फक्त माणसावर रोखण्याचं हत्यार होतं. म्हणूनच नियमांच्या वर्गवारीत २० इंचांपेक्षा कमी लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक साध्या बंदुकांत न धरता अधिक कडक वर्गात घातली आहे. २०१९च्या दुरुस्तीने या कलमात भर पडली. आता एका वर्गातलं शस्त्र विनापरवाना बदलून दुसऱ्या वर्गात नेणं हाही गुन्हा आहे.

आणि कलम ७. इथे आपण ‘निषिद्ध शस्त्रां’पाशी येतो. घोडा दाबून धरला की काडतुसं संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात, ते स्वयंचलित शस्त्र निषिद्ध. विषारी द्रव किंवा वायू फेकणारं शस्त्र निषिद्ध. तोफा निषिद्ध, विमानभेदी आणि रणगाडाभेदी शस्त्रं निषिद्ध. शिवाय केंद्र सरकार अधिसूचना काढून यादीत भर घालू शकतं. ही शस्त्रं करायची असतील, विकायची असतील, नुसती जवळ ठेवायची असतील, तरी केंद्र सरकारची खास परवानगी लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा पोलीस आयुक्तांच्या परवान्याचा इथे उपयोग नाही. शस्त्र परवान्याच्या कचेरीत ‘पी.बी.’ आणि ‘एन.पी.बी.’ हे शब्द रोज ऐकू येतात. निषिद्ध बोअर आणि बिगरनिषिद्ध बोअर, असा तो भेद. सामान्य अर्जदाराचा रस्ता एन.पी.बी.चा.

आता व्याख्या पाहू. कायद्याचा खरा कस तिथे लागतो. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही ऊर्जेच्या जोराने गोळी फेकण्यासाठी बनवलेलं किंवा तसं जुळवून घेतलेलं कोणतंही साधन म्हणजे बंदूक. तिचे भागही बंदुकीत मोजले जातात. आवाज किंवा जाळ कमी करणारं नळकांडंसुद्धा बंदूक. आणि बंदूक तयार करण्याची यंत्रसामग्रीही त्यातच! कायदा करणाऱ्यांनी तयार वस्तूपाशी न थांबता ज्या बाकावर ती घडते त्या बाकापर्यंत हात पोचवला आहे.

त्याच वेळी ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येने सामान्य माणसाला सोडवलंही आहे. केवळ घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू, साधी काठी, लाठी, खेळण्याखेरीज उपयोग नसलेली खेळणी, ही शस्त्रं नव्हेत. म्हणून शेतकऱ्याचा कोयता कोयताच राहतो. तोच कोयता हातात नाचवत एखादी टोळी पुण्याच्या रस्त्यावर उतरते, तेव्हा पोलिसांना हत्याराचा हेतू, त्याची लांबी-रुंदी, मनाई आदेश हे सगळं जुळवून खटला उभा करावा लागतो. ती कसरत आपण अलीकडे पाहिलीच आहे.

शिक्षा किती? २०१९पूर्वी विनापरवाना निर्मितीला ३ ते ७ वर्षं होती. १४ डिसेंबर २०१९पासून ती किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप झाली. निषिद्ध शस्त्र जवळ बाळगलं तर ७ ते १४ वर्षं. निषिद्ध शस्त्र तयार केलं तर किमान १० वर्षं आणि कमाल जन्मठेप. याच दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. सरकारच्या मूळ विधेयकात तर एकच होती.

एक लहानसं कलम मी मुद्दाम शेवटी ठेवलं. माझ्या मते या कायद्याचा प्राण त्यात आहे. ते कलम ८. बंदुकीवर करणाऱ्याचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण ठोकलेली असली पाहिजे. ती खोडायची नाही, बदलायची नाही. खूण नसलेली बंदूक विकायची नाही. खूण खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती खोडली असं न्यायालय गृहीत धरेल; तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. मित्रहो, लक्षात घ्या. माणसाला परवाना मागणारा हा कायदा बंदुकीलाही ओळख मागतो. तुला कुणी केलं, हे तिनं सांगितलंच पाहिजे. घरी केलेली बंदूक नेमकं हेच सांगू शकत नाही.

हा कायदा आला कुठून?

आता दुसरा प्रश्न. हे सगळं नागरिकांच्या सुरक्षेसाठी सुरू झालं का? नाही. सुरुवात अविश्वासातून झाली.

१८५७च्या उठावानंतर कंपनीच्या आणि मग राणीच्या सरकारने हिंदी माणसाच्या हातातून शस्त्र काढून घ्यायचं ठरवलं. १८५७ आणि १८६०मध्ये त्यासाठी कायदे झाले. १८७८ साली व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात पक्का शस्त्र कायदा आला. त्याच वर्षी लिटन सरकारने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधनं घालणारा कायदाही आणला होता. एकाच वर्षी लेखणीला आणि बंदुकीला, दोघींना कुलूप! वर्तमानपत्रांचा कायदा पुढचे व्हाइसरॉय रिपन यांनी चार वर्षांत मागे घेतला. शस्त्र कायदा स्वराज्य आल्यावरही १५ वर्षं तसाच होता. विनापरवाना शस्त्र करू नये, बदलू नये, विकू नये, हे कलम त्यातही होतं. पण त्या राजवटीत युरोपियनांना सवलत होती आणि हिंदी माणसाला परवान्यासाठी दारं ठोठावावी लागत. हा अपमान देशभर सलला. काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांतही शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव झाले.

महाराष्ट्राला तर हा इतिहास घरचा आहे. कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७९मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी, कोळी, धनगर गोळा करून बंड केलं. पुढे २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्या ब्राउनिंग पिस्तुलांतून सुटल्या. सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुलं पेटीत लपवून पाठवली होती. पिस्तूल बाहेरून चोरून आणावं लागे. बॉम्ब मात्र इथे खोलीत करता येत असे. त्याची कृती सेनापती बापटांनी पॅरिसमध्ये एका रशियन क्रांतिकारकाकडून मिळवली होती.

इथे मला लोकमान्यांकडे वळायचं आहे. १९०८च्या एप्रिलमध्ये मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. लगेच जूनमध्ये सरकारने स्फोटक पदार्थांचा कायदा केला. ९ जूनच्या ‘केसरी’त टिळकांनी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: बंदुका कायद्याने लोकांच्या हातून काढून घेता येतात, त्यांची निर्मितीही थांबवता येते; बॉम्बचं तसं नाही, कारण त्याला मोठा कारखाना लागत नाही, तो मुख्यतः ज्ञानाच्या रूपात असतो, आणि ज्ञान कायद्याने बांधता येत नाही. म्हणून सरकारने लोक का पेटले आहेत ते बघावं. या आणि दुसऱ्या एका लेखाबद्दल राजद्रोहाचा खटला झाला, २२ जुलै १९०८ला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेला गेले.

हे मी का सांगतो? परकीय सत्तेविरुद्धचा तो संदर्भ आज संपला आहे, हे मला ठाऊक आहे. आज गल्लीतल्या वर्चस्वासाठी कट्टा खोचणाऱ्याला त्या परंपरेत कुणी बसवू नये. पण टिळकांनी कायद्याच्या मर्यादेबद्दल एक सत्य सांगितलं. जी गोष्ट लहान जागेत, थोड्या साधनांनी होते, ती केवळ शिक्षेच्या धाकाने थांबत नाही. हे सत्य मनात राहू द्या. चौथ्या मुद्द्यात ते पुन्हा लागेल.

स्वराज्याने मग काय केलं? १९३१च्या कराची ठरावात काँग्रेसने, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत मोजला होता. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परिस्थिती आता बदलली आहे. प्रत्येक जण बाजारात जाऊन हवी ती मारक साधनं विनाअडथळा घेऊ लागला तर राज्यकारभार चालेल कसा, असा त्यांचा रोख होता. सभेने दुरुस्ती फेटाळली. संविधानाने आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क दिला तो ‘शांततेने व विनाशस्त्र’. शस्त्रं आणि स्फोटकं हा विषय संघसूचीत, म्हणजे केंद्राकडे गेला.

१९५९चा कायदा या निर्णयातून आला. जुन्या कायद्यात सरळमार्गी माणसाला शस्त्र मिळत नाही आणि गुन्हेगाराला मिळतं, ही तक्रार त्या विधेयकाच्या उद्देशातच नोंदली होती. म्हणून नव्या कायद्याने नागरिकाला संशयित मानायचं सोडलं. ज्याची पूर्वपीठिका आड येत नाही त्याला परवान्यावर शस्त्र मिळावं; परवाना नाकारला तर अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवावीत; त्यावर अपील करता यावं. कायद्याने एक देवाणघेवाण मांडली. नागरिक म्हणतो, मी माझ्या घरात शस्त्र घडवणार नाही. राज्य म्हणतं, तुझ्या संरक्षणाची जबाबदारी माझी, आणि तुला खरंच गरज असेल तर न्याय्य रीतीने परवाना देईन. दोन्ही बाजूंनी शब्द पाळला पाहिजे.

कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा समाजाला ब्रिटिश काळापासून बंदूक बाळगण्याच्या परवान्यातून सूट आहे. केंद्राने ती २०२९पर्यंत वाढवली आहे. पण ही सूट बाळगण्याची आहे. घरी बंदूक घडवण्याची मोकळीक तिथेही नाही. परंपरेचा एवढा मान राखणाऱ्या कायद्याने निर्मितीची रेषा मात्र ओलांडू दिली नाही.

घडवणारे हात कुणाचे?

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो.

बिहारमधलं मुंगेर घ्या. बंगालचा नवाब मीर कासिम याने १७६२मध्ये राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला नेली आणि तिथे बंदुकांचा कारखाना उभारला. त्याची नवाबी गेली, बक्सरला १७६४मध्ये तो हरलाही, पण कारागीर राहिले. कला पिढ्यानपिढ्या उतरली. स्वातंत्र्यानंतर तिथल्या परवानाधारक कारखान्यांना ठरावीक कोट्यात एकनळी आणि दुनळी बंदुका करायची मुभा मिळाली. पण अशा बंदुकांना गिऱ्हाईक कमी होत गेलं. कारखान्यात काम उरलं नाही. हातात कसब आणि चूल थंड! काही हात मग अंधाऱ्या खोल्यांकडे वळले. २०१८मध्ये मुंगेर परिसरात वीसहून अधिक एके-४७ सापडल्या. तपास जबलपूरच्या लष्करी आयुध भांडारापर्यंत गेला. तिथून बाहेर पडलेल्या भागांतून ही निषिद्ध शस्त्रं पुन्हा उभी राहिली होती. बंदुकीचे सुटे भागही कायद्याने बंदूकच का मानले, याचं उत्तर या प्रकरणात आहे.

आता आपल्या उंबरठ्यावर येऊ. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून सातपुड्यात मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्याचं उमर्टी गाव आहे. महाराष्ट्रात पकडलेल्या कितीतरी गावठी पिस्तुलांचा माग या पट्ट्यात जातो. खरगोन, बुऱ्हाणपूर भागातल्या काही गावांचीही नावं तपासांत येतात. नोव्हेंबर २०२५मध्ये पुणे पोलीस थेट उमर्टीपर्यंत गेले आणि तिथल्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. इथे हे काम करणारे बरेचसे शिकलगार शीख समाजातले. शस्त्रांना धार-पाणी देणारा, लोखंडाशी नातं असलेला हा समाज. गुरूंच्या सैन्यासाठी शस्त्रं घडवल्याचा अभिमान तो बाळगतो. आज या समाजातली असंख्य माणसं कढया, कुलपं, शेतीची अवजारं करून घाम गाळून जगतात. काही घरांनी कायदा मोडला म्हणून सगळ्या समाजावर शिक्का मारणं अन्याय आहे. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची परकी रीत आपण कायद्यातून काढली आहे. ती मनातूनही काढली पाहिजे.

आणि याच जळगाव जिल्ह्यात दुसरं काय आहे? वरणगावची आयुध निर्माणी. तिथे देशाच्या सैन्यासाठी काडतुसं होतात. एकाच जिल्ह्याच्या एका अंगाला सरकारी दारूगोळ्याचा कारखाना आणि दुसऱ्या अंगाला, सीमेपलीकडे, चोरून चालणारी भट्टी. दोन्हीकडे कारागीरच काम करतो. एकाला पगार, निवृत्तिवेतन, सन्मान. दुसऱ्याला पोलिसांची भीती आणि दलालाने ठरवलेला भाव. पिस्तुलावरचा खरा नफा कुणाच्या खिशात जातो? लोखंड तापवणाऱ्याच्या? मुळीच नाही. तो जातो शहरात बसून माल फिरवणाऱ्याच्या खिशात. आणि पकडलं कोण जातं? बहुतेक वेळा अठरा-वीस वर्षांचा पोरगा, ज्याने ते कमरेला लावून रील टाकलेलं असतं.

कोकणाचं उदाहरण वेगळं आहे. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत, त्यांत ठासणीच्याही आहेत. रानडुक्कर, माकडं, गवे यांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याचा तो आधार. कलम ५ प्रमाणे या बंदुकीची दुरुस्तीही परवानाधारकानेच करायची. गावच्या लोहाराने हात लावला तर तोही गुन्ह्यात सापडू शकतो. शिवाय निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करा, असा आदेश येतो. कुणाची जमा करायची आणि कुणाची नाही, हे छाननी समितीने माणूस बघून ठरवायचं असतं. प्रत्यक्षात सरसकट नोटिसा गेल्या की ऐन पिकाच्या दिवसांत राखण उघडी पडते. इथे नागरिकाने शब्द पाळलेला आहे. मग राज्याने आपला पाळायला नको का?

उद्या काय येऊ घातलं आहे?

२०१३मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एका तरुणाने त्रिमितीय मुद्रणयंत्रावर छापता येईल अशा प्लॅस्टिकच्या पिस्तुलाचा आराखडा जाहीर केला. सरकारने तो काढायला लावला, पण तोवर तो पसरला होता. कारखाना नको, भट्टी नको, वंशपरंपरेचं कसबही नको. टिळकांनी १९०८मध्ये बॉम्बबद्दल म्हटलं तेच बंदुकीच्या बाबतीत खरं व्हायला लागलं. शस्त्र ज्ञानाच्या रूपात फिरू लागलं.

अमेरिकेचा कायदा आपल्याहून अगदी वेगळा आहे. शस्त्र बाळगणं तिथे घटनादत्त हक्क आहे. ज्याला बंदूक बाळगायला मनाई नाही असा माणूस स्वतःपुरती साधी रायफल घरी करू शकतो. संघराज्याचा कायदा त्याला परवाना मागत नाही. पण तिथेही सीमारेषा आहे. १९३४च्या कायद्याने मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि आवाज दाबणारी नळकांडी वेगळी काढली. अशी वस्तू घरी करायची तर आधी अर्ज, छायाचित्र, बोटांचे ठसे, आणि मंजुरी आल्यावरच कामाला हात. शिवाय वस्तूवर करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक कोरायचा. या अर्जाला २०० डॉलरचा कर होता. २०२६पासून मशीनगनसारखी शस्त्रं वगळता तो शून्य झाला, पण मंजुरीची अट राहिली. खासगी माणसाला नवी मशीनगन करणं तर १९८६पासून बंद आहे. क्रमांक नसलेल्या, सुटे भाग जुळवून केलेल्या बंदुकांना तिकडे भुताच्या बंदुका म्हणतात. अशा जुळणी-संचांवर क्रमांक घालायला लावणारा केंद्रीय नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे नियम आणखी कडक आहेत. तिथे आपली पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. एका राज्यात चालणारा छंद शेजारच्या राज्यात तुरुंगात नेऊ शकतो, हे त्यांनी आपल्या मुलांना सांगायला हवं.

शस्त्रांचा हक्क मानणारा देशही, शस्त्र अधिक घातक झालं की तोच प्रश्न विचारतो: कुणी केलं? नाव कोर!

दुसऱ्या टोकाला जपान. १९५८पासून तिथला कायदा जगातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी एक. बंदुकीने होणारे मृत्यू तिथे फारच थोडे. तरीही ८ जुलै २०२२ला नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा खून घरी केलेल्या बंदुकीने झाला. कायदा फसला का? मला तसं वाटत नाही. कडक कायद्याने हजारो जीव वाचवले. पण एक माणूस, एक खोली आणि मनात साठलेला राग, एवढ्यावर कायद्याची नजर पोचली नाही. त्यानंतर जपानने कायदा सुधारला आणि शस्त्र बाळगायला चिथावणी देणारा मजकूर पसरवण्यावरही बंधन आणलं.

आपल्या कायद्याचं काय? व्याख्या रुंद आहे. बंदूक लोखंडाची की प्लॅस्टिकची, हा प्रश्न ती विचारत नाही. छापलेलं पिस्तूलही कलम ५ खाली निर्मितीच. पण निर्मितीची यंत्रसामग्री म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतलं मुद्रणयंत्र धरायचं का? कधी धरायचं? नुसता आराखडा संगणकात ठेवणं कुठे मोडतं? याची स्पष्ट उत्तरं नियमांत हवीत. ती घटना घडल्यावर घाईने लिहिण्यापेक्षा आज शांतपणे लिहिलेली बरी.

मग करायचं काय?

आतापर्यंतचं थोडक्यात सांगतो. आपला कायदा घरात शस्त्र करायला मनाई करतो, आणि ते योग्य आहे. या कायद्याचा उगम परक्या सत्तेच्या अविश्वासात असला, तरी प्रजासत्ताकाने त्याला नागरिक आणि राज्य यांच्यातल्या कराराचं रूप दिलं. तो मोडणाऱ्या हातांमागे बरेचदा मोडलेला धंदा असतो. आणि नवी यंत्रं हे काम आणखी सोपं करणार आहेत. फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जामीन अर्जाच्या सुनावणीत विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेतली आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या संविधानात नाही, हेही स्पष्ट केलं. इशारा झाला आहे. आता कामं.

पहिलं काम मागाचं. २०१९च्या दुरुस्तीने, बंदूक कारखान्यातून निघाल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत तिचा माग ठेवण्याचे नियम करायचा अधिकार केंद्राला दिला. तो पूर्णपणे वापरला पाहिजे. जप्त झालेला प्रत्येक कट्टा मुद्देमालाच्या खोलीत धूळ खात पडण्याआधी तज्ज्ञांकडे गेला पाहिजे. त्याची घडण, त्यावरच्या हत्यारांच्या खुणा यांची नोंद सर्व राज्यांना पाहता आली पाहिजे. उमर्टीचा माल पुण्यात सापडतो, तर दोन राज्यांच्या पोलिसांची वही एक का नसावी?

दुसरं काम कारागिरांचं. संरक्षण उत्पादन आज खासगी उद्योगांना खुलं आहे. मोठे उद्योगपती त्यात उतरले आहेत. मग ज्यांच्या हाताला लोखंड ओळखतं त्यांना त्यात जागा का नाही? मुंगेरच्या आणि सातपुड्याच्या तरुणांना तंत्रशिक्षण द्या, परवानाधारक कारखान्यांत, यंत्रभागांच्या कामात घ्या. भट्टी मोडली तर ती दुसऱ्या डोंगरात उभी राहते. रोजगार उभा केला तर ती पुन्हा पेटवायची गरज उरत नाही. शिक्षा दलालाला पोचली पाहिजे आणि कारागिराला काम.

तिसरं काम राज्याच्या शब्दाचं. ज्याला खरी गरज आहे त्याच्या अर्जावर वेळेत निर्णय व्हावा, नकार असेल तर कारणासह यावा. कोकणातल्या शेतकऱ्याला बंदूक दुरुस्तीसाठी तालुक्याच्या जवळ परवानाधारक कारागीर मिळावा. आणि ज्या वस्तीत पोलीस वेळेवर येत नाहीत तिथे ते येतील अशी व्यवस्था व्हावी. ‘माझं रक्षण मलाच करावं लागेल’ असं माणसाला वाटू लागलं की चोरट्या पिस्तुलाचा बाजार तिथे उघडतो.

चौथं काम आपलं, या सभागृहातल्या प्रत्येकाचं. आपल्या गल्लीतला मुलगा कमरेला काहीतरी खोचून छायाचित्र टाकतो आणि आपण ‘भाई’ म्हणून हसून सोडून देतो. वरातीत हवेत गोळी झाडली जाते आणि आपण टाळ्या वाजवतो. त्या गोळीबारालाही आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ज्या दिवशी आपण त्या मुलाला हाताला धरून बाजूला घेऊ आणि ‘हे कुठून आणलंस? कुणी केलं?’ असं विचारू, त्या दिवशी हा कायदा समाजाचा होईल. तोवर तो पोलिसांचाच राहील.

लोकमान्यांच्या त्या अग्रलेखाचं नाव आजच्या राज्यकर्त्यांनीही लक्षात ठेवावं. नुसत्या शिक्षेचे उपाय टिकाऊ नाहीत. टिकाऊ उपाय एकच: शस्त्र करणाऱ्याला नाव असावं, त्या नावाला काम असावं, आणि त्या कामाचा हिशेब राज्याने नागरिकांपुढे ठेवावा. तो हिशेब मागायला आपण आजपासून सुरुवात करू या.